ट्रकचा बेड चॅसीला वेल्ड केला की पक्का? तडा तिथूनच जातो

'ट्रेलर ओढायचा तर बेड (ट्रकचा माल ठेवायचा मागचा सपाट भाग) थेट चॅसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, वेल्ड करा, बोल्ट ढिले होतात' हा समज जुना, आणि चुकीचा. एक चाक खड्ड्यात उतरलं की चॅसी पिळते. तिला पिळू द्यावंच लागतं. वेल्डने जखडली की ताण वेल्डच्या टोकाशी साचतो, तेही उष्णतेने आधीच कमजोर झालेल्या लोखंडात. केसाएवढा तडा तिथेच दिसतो, बहुधा ड्रायव्हरच्या कॅबच्या मागे.

बेडच्या मागच्या भागात प्लेट लावून 10.9 ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट चॅसीच्या उभ्या बाजूतून घ्या. वरच्या-खालच्या फ्लँजला (आडव्या पट्टीला) भोक पाडू नका. पुढे मात्र स्प्रिंगवाले बोल्ट, म्हणजे चॅसीला पिळायला वाव राहतो. गूजनेक (वाकड्या मानेने थेट बेडवर जोडला जाणारा ट्रेलर) असेल तर त्याचा जोडाचा बॉल मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे, चॅसीला बोल्ट केलेल्या आडव्या मेंबरवर (तुळईवर). बेडच्या नुसत्या पत्र्यावर कधीच नाही. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) बोल्ट पुन्हा आवळा. 'ढिले होतात' ही तक्रार बहुतेकदा हेच राहून गेल्याची असते.