काढलेली किडनी गळ्यात कशी उगवली?

खानापूरकडच्या आमच्या मामांची डावी किडनी कॅन्सरच्या गाठीमुळं काढून अकरा वर्षं झाली, माणूस शेतात राबतंय, आणि यंदा गळ्याला गाठ आली तर सगळे म्हणाले थायरॉइड असेल. मामींचा प्रश्न वरचा.

तर हे कोडं जुनंच. 1883 मध्ये पॉल ग्राविट्झ या जर्मन डॉक्टरनं ठरवलं की किडनीतल्या या पिवळट गाठी किडनीच्या नाहीतच, वर टोपीसारखी अॅड्रिनल ग्रंथी असते तिचे तुकडे आत अडकून त्या होतात. साफ चूक, पण त्यातनं आलेलं हायपरनेफ्रोमा हे नाव कितीतरी वर्षं चाललं, शेवटी 1960 ला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं दाखवलं की पेशी किडनीच्याच बारीक नळ्यांतल्या.

किडनीचा हा कॅन्सर पसरतो मुख्यतः फुफ्फुसात, हाडांत, लिव्हरमध्ये, मेंदूत. पण थायरॉइड, स्वादुपिंड, जीभ, डोक्याची कातडी, बोटाचं हाड, कुठंही निघतो हा, आणि कधी कधी दहा-वीस वर्षांनी. नाकातनं सारखं रक्त येतंय म्हणून गेलेल्या माणसाला किडनीची गाठ तिथं पहिल्यांदा कळते असंही झालंय, कारण या गाठीत रक्तवाहिन्याच फार. (तसं का, ते 1993 मध्ये व्हीएचएल जीन, जो बिघडला की गाठीत रक्तवाहिन्या वाढतात, तो सापडल्यावर उलगडत गेलं, आणि रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या गोळ्या 2005-06 पासून आल्या.)

पण किडनीतनं निघालेलं रक्त हृदयातनं आधी फुफ्फुसात जातं, मग फुफ्फुस स्वच्छ आणि गाठ नाकात, हे कसं? 1940 मध्ये बॅटसन या अमेरिकन डॉक्टरनी मणक्याभोवतीचं शिरांचं जाळं दाखवलं, त्यात झडपाच नाहीत, खोकला आला की जोर केला की रक्त उलटं वर सरकतं, बेळगावात न शिरता बायपासनं गेलेल्या गाडीसारखं. सगळ्याच गाठी याच वाटेनं जातात असं नाही हां.

पसरलेली गाठ एकटीच असली तर काढून फायदा होतो हेही जुनं, 1939 मध्ये बार्नी आणि चर्चिल या अमेरिकन सर्जननी किडनीनंतर फुफ्फुसातली गाठही काढलेला पेशंट मांडला, तो पुढं वीसेक वर्षं जगला आणि गेला हार्टनं.

मामांच्या फॉर्मवर 'आधीचं ऑपरेशन' हा रकाना कन्नड आणि इंग्रजीत, दोन्ही त्यांना वाचता येत नाही, म्हणून कोराच राहिला. डॉक्टरनी शर्ट वर केला, कुशीतला व्रण बघितला, मग सुईनं काढलेल्या पेशी किडनीच्या का ते बघायला सांगितलं.