रॅकेटमधली ताकद नेमकी कोणासाठी?

टेनिसची रॅकेट घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पॉवर हवी की कंट्रोल? जोरजोरात फटके मारणारा विशीतला मुलगा हमखास पॉवर मागतो. पन्नाशीत नव्याने कोर्टवर उतरलेल्या काकू मात्र 'मला कुठे एवढी पॉवर झेपणार' म्हणत लहान हेडची (हेड म्हणजे रॅकेटचा तारांचा गोल भाग), वजनदार रॅकेट उचलतात. दोघांचीही निवड नेमकी उलटी झालेली असते. पुण्यामुंबईच्या क्लबांत हे सर्रास दिसतं आणि ते पाहून खरंच वाईट वाटतं, कारण पुढे मुलाचे चेंडू बेसलाइनच्या बाहेर पडत राहतात आणि काकूंचं कोपर दुखून खेळच सुटतो. ज्याला आपण पॉवरफुल रॅकेट म्हणतो, ती मुळात तयार झाली ती मध्यम ताकदीच्या हौशी खेळाडूसाठी. ही गोष्ट पन्नासेक वर्षांपूर्वीची आहे.

त्याआधीची जवळजवळ शंभर वर्षं लाकडाची. मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी १८७४ मध्ये इंग्लंडमध्ये लॉन टेनिसचं पेटंट घेतलं आणि १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली. तेव्हापासून १९७० च्या दशकापर्यंत रॅकेटचा तोंडवळा फारसा बदलला नाही. हेडचं क्षेत्रफळ साधारण ६५ ते ७० चौरस इंच, वजन ३७० ते ४०० ग्रॅम. लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून फ्रेम करायची पद्धत आली आणि रॅकेट मजबूत झाल्या. १९३१ मध्ये बाजारात आलेली डनलॉपची मॅक्सप्लाय ही त्यातली सर्वांत गाजलेली. तरी लाकूड ते लाकूडच. दमट हवेत फ्रेम वाकडी व्हायची, म्हणून खेळून झालं की रॅकेट चार स्क्रूंच्या लाकडी चौकटीत आवळून ठेवायची. जुन्या घरांच्या माळ्यावर अशी चौकट अजूनही एखादी सापडते.

हेड मोठं करावं हे तेव्हा कोणाला सुचलं नसेल असं नाही, पण लाकडाला ते झेपणारं नव्हतं. पंचावन्न-साठ पाउंडांनी ताणलेल्या तारा फ्रेमला चारही बाजूंनी आत ओढत असतात. हेड मोठं केलं तर फ्रेम जाड करावी लागणार आणि मग रॅकेट उचलणंच कठीण होणार. त्यामुळे मधल्या छोट्याशा भागात चेंडू लागला तर फटका छान, जरा बाजूला लागला की रॅकेट हातात फिरलीच. त्या काळी लोक मधोमध मारायला शिकत, आणि ज्यांना ते जमत नसे ते हळूहळू खेळ सोडून देत.

धातूकडे पहिलं मोठं पाऊल टाकलं फ्रान्सच्या रने लाकोस्त यांनी. मगरीच्या चिन्हाचे शर्ट ज्यांच्या नावाने विकले जातात, तेच हे टेनिसपटू. १९५३ मध्ये त्यांनी पोलादी नळीच्या रॅकेटचं पेटंट घेतलं आणि १९६७ मध्ये विल्सन कंपनीने ती टी-२००० या नावाने अमेरिकेत आणली. जिमी कॉनर्सने ती हाती धरली आणि जग तिला ओळखू लागलं. तिच्यात तारा फ्रेमच्या भोकांतून ओवलेल्या नसत, फ्रेमभोवती गुंडाळलेल्या बारीक वायरच्या फासांत अडकवलेल्या असत. चेंडू सपासप सुटायचा, पण कुठे जाईल याचा भरवसा कॉनर्ससारख्यांनाच. हेड अजूनही लहानच होतं. साहित्य बदललं, पण अडचण होती तिथेच राहिली.

ती सोडवली हॉवर्ड हेड या अमेरिकन इंजिनिअरने, आणि माझ्या मते रॅकेटच्या इतिहासात याच माणसापाशी सर्वांत जास्त थांबायला हवं. मार्टिन कंपनीत विमानांवर काम केलेला हा गृहस्थ. बर्फावर घसरायच्या लाकडी स्की जड आणि बेभरवशाच्या वाटल्या म्हणून त्याने ॲल्युमिनियमचे पातळ थर वापरून स्की बनवल्या आणि त्यावर मोठी कंपनी उभी केली. हेड नावाच्या रॅकेट आज दिसतात ती हीच कंपनी. १९६९ मध्ये त्याने ती विकली, निवृत्त झाला आणि टेनिस शिकायला लागला. टेनिस काही जमेना. सराव करायला त्याने प्रिन्स नावाच्या छोट्या कंपनीचं चेंडू फेकणारं यंत्र घेतलं, ते नीट चालेना म्हणून सुधारून दिलं, आणि शेवटी त्या कंपनीतच पैसे घातले. यंत्र सुधारलं, खेळ मात्र तसाच. चेंडू मधोमध लागला नाही की रॅकेट मनगटात वळते, ही त्याची तक्रार.

दुसरा कोणी असता तर आणखी शिकवण्या लावल्या असत्या. हेडने इंजिनिअरसारखा विचार केला. रॅकेट दांड्याच्या आसाभोवती वळते, म्हणजे त्या आसापासून वजन जितकं लांब जाईल तितकं तिला वळवणं अवघड. हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून रॅकेटच्या हेडची रुंदी थोडीशी वाढवली तरी फरक चांगलाच जाणवतो. शिवाय त्याच्या लक्षात आलं की चेंडू सर्वांत जोराने परत येतो तो हेडच्या मधून नव्हे, त्याच्या खाली, दांड्याच्या बाजूने. मग त्याने हेड रुंद तर केलंच, शिवाय ते दांड्याकडे खाली वाढवलं, म्हणजे तो जोरकस भाग तारांच्या मध्याजवळ आला. रॅकेटची लांबी होती तेवढीच राहिली. टेनिसच्या नियमांत तोवर रॅकेट केवढी असावी, कशाची असावी, याबद्दल एक अक्षरही नव्हतं. १९७६ मध्ये हेडला अमेरिकेत पेटंट मिळालं, ८५ ते १३० चौरस इंचांच्या हेडसाठी. त्याच वर्षी प्रिन्सची ११० चौरस इंचांची ॲल्युमिनियमची रॅकेट बाजारात आली.

लोक हसले. व्यावसायिक खेळाडूंनी नाकं मुरडली. ज्यांच्यासाठी ती बनली होती त्या शनिवार-रविवारच्या खेळाडूंनी मात्र ती उचलून धरली, कारण त्यांचे चुकलेले फटके आता जाळीपलीकडे जात होते. मग १९७८ मध्ये सोळा वर्षांची पॅम श्रायव्हर हीच मोठी रॅकेट घेऊन अमेरिकन ओपनमध्ये उतरली, उपांत्य सामन्यात तिने मार्टिना नवरातिलोवाला हरवलं आणि थेट अंतिम फेरी गाठली. तिथे ख्रिस एव्हर्टने तिला हरवलं, पण हसणं त्यानंतर थांबलं. बाकीच्या कंपन्यांनी पेटंटची कटकट टाळायला ८५ इंचांच्या आसपास रेंगाळणाऱ्या मिडसाइज रॅकेट काढल्या.

नियम कसे आले तीही गोष्ट याच सुमाराची. जर्मनीच्या वेर्नर फिशरने तारांचे दुहेरी थर एकमेकांवर सरकतील अशी रॅकेट केली होती, तिला लोक स्पॅगेटी रॅकेट म्हणत. ऑक्टोबर १९७७ मध्ये रुमानियाच्या इली नस्तासेने ती घेऊन अर्जेंटिनाच्या गिलेर्मो व्हिलासला इतकं हैराण केलं की तो दोन सेटनंतर सामना सोडून निघून गेला. क्ले कोर्टवरची त्याची सलग ५३ विजयांची मालिका तिथे तुटली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने १९७८ मध्ये पहिल्यांदा रॅकेटची व्याख्या केली. आजच्या नियमानुसार रॅकेटची एकूण लांबी २९ इंच आणि फ्रेमची रुंदी साडेबारा इंचांपेक्षा जास्त चालत नाही. दुकानातली मोठ्यांची रॅकेट बहुधा २७ इंचांची असते.

१९८० च्या दशकात ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच्या तंतूंपासून केलेलं साहित्य, आलं आणि लाकडाचा कारभार आटोपला. १९८१ मध्ये जॉन मॅकेन्रो लाकडी मॅक्सप्लायने विम्बल्डन जिंकला; १९८३ मध्ये यानिक नोहा फ्रेंच ओपन जिंकला ते पुरुषांच्या ग्रँड स्लॅममधलं लाकडाचं शेवटचं विजेतेपद. १९९१ मध्ये पाच वेळा विम्बल्डन जिंकलेला ब्योर्न बोर्ग निवृत्तीतून परत आला तो मॉन्टे कार्लोला, हातात लाकडी रॅकेट घेऊन, आणि जॉर्डी आर्रेसेसमोर ६-२, ६-३ असा सरळ हरला. तो बोर्ग होता, म्हणून ते बघवत नव्हतं.

ग्रॅफाइटमुळे फ्रेम मोठी, हलकी आणि ताठ, तिन्ही एकदम करता येऊ लागली. यातल्या ताठपणाबद्दल फार गैरसमज आहे. लवचीक फ्रेम धनुष्यासारखी चेंडू फेकेल असं वाटतं. पण चेंडू तारांवर टेकलेला असतो तो सेकंदाच्या पाच सहस्रांश भागाएवढाच वेळ. तेवढ्यात फ्रेम वाकते खरी, पण सरळ होऊन परत येईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. वाकण्यात गेलेली शक्ती वायाच. म्हणून जितकी ताठ फ्रेम, तितका चेंडू वेगाने सुटतो. १९८७ मध्ये विल्सनने प्रोफाइल नावाची रॅकेट आणली, तिच्या फ्रेमची जाडी सर्वांत जास्त तिथे ३९ मिलिमीटर होती. लाकडी फ्रेमच्या दुपटीच्या आसपास! नुसतं धरून उभं राहिलं तरी चेंडू पलीकडे जाईल, अशी तिची ख्याती.

तारांचं मात्र उलट असतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रोडी यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटापासून रॅकेटचं गणित मांडायला घेतलं, आणि आज आपण जे गृहीत धरतो त्यातलं बरंचसं त्यांच्यामुळे कळलेलं आहे. नियमानुसार २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटरच उसळायला हवा, म्हणजे चेंडू स्वतः चेपला की जवळजवळ निम्मी शक्ती गिळतो. तारा तशी गिळत नाहीत, मिळालेली बहुतेक सगळी परत देतात. म्हणून तारा सैल असल्या की चेंडू कमी चेपतो आणि जास्त वेगाने जातो. 'घट्ट गटिंग केलं (म्हणजे तारा ताणून बसवल्या) की फटका जोरात बसतो' असं क्लबात छातीठोकपणे सांगणारे अजूनही भेटतात. ते चूक आहे.

आता यात पट्टीचे खेळाडू कुठे होते? पीट सॅम्प्रसचंच पाहा. १९९० च्या दशकात पुरुषांच्या विम्बल्डनमध्ये सर्व्हिसशिवाय काही उरलंच नाही अशी ओरड झाली, आणि नव्या रॅकेटकडे बोटं दाखवली गेली. पण ज्याच्या सर्व्हिसची सर्वांत जास्त धास्ती होती, तो सॅम्प्रस खेळत होता ८५ चौरस इंचांच्या, पातळ फ्रेमच्या प्रो स्टाफने, वर शिशाच्या पट्ट्या चिकटवून वजन चारशे ग्रॅमच्या आसपास नेलेलं, तारा अतिशय घट्ट. कमीत कमी पॉवरची म्हणावी अशी ही रॅकेट. वेग त्याच्या हातात होता, रॅकेटकडून त्याला हवी होती ती फक्त खात्री.

दोन टोकांच्या मधली वाट काढली बाबोलाने. १८७५ पासून तारा बनवणारी ही लियॉनजवळची फ्रेंच कंपनी १९९४ मध्ये रॅकेटमध्ये उतरली. तिची प्युअर ड्राइव्ह १०० चौरस इंचांची, तीनशे ग्रॅमची, बऱ्यापैकी ताठ. १९९८ मध्ये कार्लोस मोया बाबोलाच्या रॅकेटने फ्रेंच ओपन जिंकला आणि मग या मापाला मान मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी गुस्तावो कुएर्तेन लक्सिलॉनच्या पॉलिएस्टर तारा लावून तीच स्पर्धा जिंकला होता. पॉलिएस्टर तारा फटक्यात बाजूला सरकून झटकन जागेवर येतात, त्यामुळे चेंडूला प्रचंड टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी, मिळतो आणि तो कोर्टमध्ये खाली उतरतो. जोरदार फ्रेमला लगाम सापडला तो असा. राफाएल नदालचा सगळा खेळ या जोडीवर उभा राहिला. रॉजर फेडररनेही ९० चौरस इंचांचा हट्ट सोडून २०१४ मध्ये ९७ ची रॅकेट घेतली. तिकडे सेरेना विल्यम्स एवढी ताकदवान असूनही १०४ ची वापरत होती, त्यामुळे मोठं हेड म्हणजे कमीपणा असं मानायचं कारणच नाही.

दुकानातल्या भिंतीवर आज टांगलेल्या रॅकेट म्हणजे हाच इतिहास शेजारीशेजारी लटकवलेला. १०५ ते ११५ चौरस इंच, २५५ ते २८० ग्रॅम, जाड फ्रेम, वजन हेडकडे झुकलेलं : ही हॉवर्ड हेडची आणि प्रोफाइलची वंशज. ज्यांचा फटका आखूड आहे, हात हळू फिरतो, चेंडू दर वेळी मधोमध लागत नाही, त्यांनी ही बिनदिक्कत घ्यावी. ९८ पेक्षा लहान, ३०५ ग्रॅमच्या वर, पातळ आणि मऊ फ्रेमची ती सॅम्प्रसच्या घराण्यातली. पूर्ण लांबीचा, वेगवान स्विंग असेल आणि चेंडू लांब जाण्याचीच तक्रार असेल, तरच तिच्याकडे वळावं. क्लबात वर्ष-दोन वर्षं नियमित खेळलेल्या बहुतेकांना मधली, ९८ ते १०४ इंचांची, २८५ ते ३०५ ग्रॅमची चालते. एकच धोका नीट लक्षात ठेवावा : फार हलकी आणि फार ताठ रॅकेट धक्का थेट हातात पोहोचवते. कोपराचं दुखणं असेल तर मोठं हेड घ्यावं, पण फ्रेम थोडी मऊ आणि वजन झेपेल तेवढं जास्त.

आणि नदाल वापरायचा म्हणून पॉलिएस्टर तारा लावून घेऊ नयेत. हात तेवढा वेगाने फिरला नाही तर त्या सरकतच नाहीत, नुसत्या टणक लागतात. साधी मल्टिफिलामेंट (बारीक तंतू एकत्र करून बनवलेली, मऊ) तार घ्यावी आणि गटिंग करणाऱ्याला फ्रेमवर छापलेल्या ताणाच्या खालच्या आकड्याजवळ ठेवायला सांगावं. चेंडू फारच लांब जायला लागले तर पुढच्या वेळी दोन पाउंड वाढवून पाहता येतं.