आधी पाय, मग मन

समजा, फोंडा तालुक्यातली एक बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात आली आहे. डोके दुखते, हातपाय मोडून येतात, पहाटे तीनलाच जाग येते, पेजसुद्धा घशाखाली उतरत नाही. रक्त तपासून झाले, गोळ्या झाल्या, देवळात प्रसाद लावून झाला, दृष्टही काढून झाली. ‘मी दुःखी आहे’ असे ती एकदाही म्हणत नाही. फार तर म्हणेल, ‘टेन्शन आहे.’ घरचे म्हणतात, आळशी झाली, दारातली अबोलीसुद्धा सुकवली.

नैराश्य आपल्याकडे पुष्कळदा असे अंगदुखीच्या वाटेने येते. म्हणून डॉक्टरांचे पहिले प्रश्न साधे असतात. दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज मन उदास असते का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी आता नकोशा वाटतात का? मग झोप, भूक, थकवा, अपराधीपणा, मरणाचे विचार यांची चौकशी होते. थायरॉइड मंदावले तरी माणूस असाच गळून जातो, त्यामुळे तेही तपासतात.

अबोली सुकली ती आळसामुळे नव्हे. या आजारात एखाद्या कामातून मिळणारे समाधानच आटते. समाधान नाही म्हणून भजनाला जाणे सुटते, शेजारणीकडे बसणे सुटते, चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर बांधायची फळापानांची सजावट, दुसरे कुणीतरी बांधते. जितके सुटते तितके मन आणखी खचते. ‘बरे वाटले की करीन’ असे ती म्हणते, आणि ते बरे वाटणे काही येत नाही.

यावरचा एक उपचार नेमका उलट्या टोकाने सुरू होतो. मन लागण्याची वाट पाहायची नाही. आधी छोटे काम ठरवायचे, ते दिवस आणि वेळ धरून करायचे, आणि नंतर कसे वाटले ते लिहायचे. उद्या सकाळी सात वाजता अबोलीला एक तांब्या पाणी. बस्स, एवढेच. पुढच्या भेटीत अडचण कुठे आली ते पाहून पुढचे काम ठरते.

याची मोठी चाचणी गोव्यातच झाली, याचा मला फार अभिमान वाटतो. ‘संगत’ या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर ती केली. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. सहा ते आठ भेटी, गरज पडल्यास रुग्णाच्या घरी. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली छापून आले. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेची पायरी चढायला बिचकणाऱ्या माणसाला गावातच उपचार मिळू शकतो, हे त्यातून दिसले.

औषधांबद्दलची भीती मात्र अजून गेलेली नाही. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतात. म्हणून लोक नेमक्या चुकीच्या वेळी गोळी सोडतात. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने ती चालू ठेवायची आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करायची, कारण एकदम बंद केली तर चक्कर येते, झोप बिघडते, आजारही उलटू शकतो. तीव्र आजारात गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही लागतात. ‘मनाची ताकद कमी पडली’ असे म्हणणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

घरच्यांनी एक प्रश्न टाळू नये: ‘जीव द्यावासा वाटतो का गो?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बाईला मोकळे होता येते. ती ‘होय’ म्हणाली, तर तिला एकटी ठेवू नका, घरातली कीटकनाशके आणि जास्तीच्या गोळ्या उचलून ठेवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.