टेबलावरचे धर्मयुद्ध आणि अलाइनमेंटचा गुंता : पार्श्वभूमी

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या, एकेक पात्र घेऊन टेबलावर फाशांनी खेळायच्या खेळांतील फँटसी कॅम्पेनमधील, म्हणजे अनेक बैठकी चालणाऱ्या मोहिमांमधील, धर्मयुद्धांविषयी मराठीत बोलू लागले की पहिली अडचण शब्दापाशीच येते. ‘धर्मयुद्ध’ म्हणजे धर्मासाठी केलेले युद्ध, की धर्माने, म्हणजे नियमाने, केलेले युद्ध? इतिहासाच्या पुस्तकांनी जेरुसलेमसाठी झालेल्या लढायांना हाच शब्द लावला. महाभारत ऐकत वाढलेल्या कानाला मात्र त्यातून निःशस्त्रावर वार न करणे, पळणाऱ्याला न मारणे, सूर्यास्ताला शस्त्र खाली ठेवणे हे संकेत ऐकू येतात. सोलापुरात मराठीतून खेळणाऱ्या एका घरगुती गटात डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, ‘उद्यापासून धर्मयुद्ध’ असे जाहीर केले, तेव्हा अर्ध्या खेळाडूंनी रात्रीच्या छाप्याची तयारी सुरू केली आणि उरलेल्यांनी रात्रीचा छापा आता निषिद्ध झाला असे गृहीत धरले. ते सेशन एकही फासा न पडता संपले. या घोळाचा निम्मा वाटा मराठीचा आहे. उरलेला निम्मा खेळाच्या नियमांनी १९७१ ते १९७८ या सात वर्षांत घालून ठेवला आहे.

मध्ययुगीन युरोपाकडून या खेळाने घेतले ते थोडेच. १०९५ साली पुकारलेल्या पहिल्या क्रूसेडची चिन्हे आणि पोशाख आले, आणि त्यांच्याबरोबर धर्मगुरूने रक्त सांडू नये म्हणून तो तलवारीऐवजी गदा वापरतो अशी एक लोकप्रिय समजूतही आली. १९७४ सालच्या पहिल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये क्लेरिकला, म्हणजे धर्मगुरूच्या पात्राला, धारदार शस्त्र वर्ज्य होते ते त्यामुळेच. तरीही क्लेरिक हे पात्र युद्धासाठी घडलेले नव्हते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चाललेल्या एका आरंभीच्या कॅम्पेनमध्ये एका खेळाडूचा व्हॅम्पायर कोणालाच आवरेना, तेव्हा त्यावर उतारा म्हणून क्लेरिकचा जन्म झाला. भूतप्रेतांना हुसकावण्याची त्याची शक्ती ही त्या मूळ कामगिरीची खूण आहे.

खरा गुंता अलाइनमेंटचा, म्हणजे पात्र कोणत्या बाजूचे हे सांगणाऱ्या नियमाचा, आहे. १९७१ साली ‘चेनमेल’ या लहान पुतळ्यांनी खेळायच्या युद्धखेळाला फँटसीची पुरवणी जोडली गेली आणि तीत प्राण्यांची व वीरांची वाटणी लॉ (सुव्यवस्था), केऑस (अनागोंदी) आणि न्यूट्रल (तटस्थ) अशी झाली. हेतू साधा होता. फौज मांडताना ड्रॅगन कोणत्या बाजूला उभा करायचा आणि एल्फ कोणत्या, हे ठरवायला एक तक्ता हवा होता. १९७४च्या नियमांनी हा तक्ता जवळजवळ तसाच उचलला, फक्त आता तो फौजेऐवजी एकेका पात्राला लागू झाला. माणसे तिन्ही रकान्यांत होती, म्हणजे माणसाने आपली बाजू निवडायची होती. सातव्या पातळीला पोचलेल्या क्लेरिकला मात्र लॉ किंवा केऑस यांपैकी एक बाजू घेणे सक्तीचे होते, आणि पुढे सर्वोच्च पदावर गेल्यावर त्याने बाजू बदलली तर त्याचे सर्व लाभ तत्काळ जात. हे लाभही पाहण्यासारखे आहेत. गढी बांधताना त्याला निम्माच खर्च येई, कारण उरलेली मदत ‘वरून’ मिळे, आणि त्याच्याकडे येणारे सैनिक आंधळेपणाने निष्ठावंत असत. देऊळ, गढी, बिनपगारी फौज आणि पक्षांतरबंदी एवढे साहित्य हाती आल्यावर धर्मयुद्ध हा विषय कोणाला वेगळा सुचावा लागत नव्हता.

प्रत्येक बाजूला स्वतःची भाषाही होती. लॉच्या बाजूचा माणूस आणि लॉच्या बाजूचा प्राणी पूर्वी कधी भेटलेले नसले तरी त्या भाषेत बोलू शकत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या चारही भाषांत बाजार करणाऱ्या सोलापूरकराला ही कल्पना विनोदी वाटेल, कारण समोरच्याच्या भाषेवरून तो कोणाच्या बाजूचा हे येथे कळत नाही. परंतु या नियमावरून एक गोष्ट स्पष्ट होते की अलाइनमेंट म्हणजे तेव्हा स्वभाव नव्हता. तो पक्ष होता.

पुढे तो स्वभाव झाला. फेब्रुवारी १९७६ मध्ये एका मासिकातील लेखाने लॉ आणि केऑस यांच्या जोडीला चांगले आणि वाईट असा दुसरा अक्ष मांडला. १९७७च्या आवृत्तीत पाच अलाइनमेंट आली आणि १९७८ साली नऊ. नऊ घरांचा तो चौकोन आजही ओळखीचा आहे आणि त्याचे कौतुकही फार होते. प्रस्तुत लेखकाच्या मते धर्मयुद्धाच्या दृष्टीने हा निर्णय नुकसानीचा ठरला. दोन बाजू लढतात तेव्हा दोघांचीही कारणे ऐकावी लागतात, परंतु एका बाजूच्या कपाळावर नियमानेच ‘वाईट’ असे लिहून ठेवल्यावर ऐकण्यासारखे काही उरत नाही. त्यात शत्रूतील वाईटपणा ओळखणारा मंत्र क्लेरिकच्या पहिल्या पातळीच्या यादीतच होता, त्यामुळे चौकशी, साक्ष, शंका या सगळ्यांनाच रजा मिळाली. १९७८चा पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्ध्याचे पात्र, उत्पन्नाचा दहावा हिस्सा धर्मसंस्थेला देई आणि चांगल्यांखेरीज कोणाशी संगत ठेवत नसे. तह करायला माणूस लागतो, आणि हे पात्र शत्रूबरोबर प्रवास करण्यालाही तयार नव्हते.

दुसरा रस्ता त्याच काळात उपलब्ध होता. १९७५ साली आलेल्या टेकुमेल या दुसऱ्या एका खेळाच्या काल्पनिक जगात स्थैर्याचे आणि परिवर्तनाचे असे देवांचे दोन गट होते, पण त्यांच्या देवळांनी उघड युद्ध करू नये असा करार शतकानुशतके पाळला जाई. वैर चाले ते दरबारात आणि तळघरांत. १९७८च्या ‘रूनक्वेस्ट’ या आणखी एका खेळाने अलाइनमेंट ठेवलेच नाही आणि क्लेरिकलाही वेगळा वर्ग मानले नाही. तेथे कोणीही पात्र एखाद्या देवाच्या पंथात दीक्षा घेई, त्या पंथाला वेळ व धन देई आणि बदल्यात त्या देवाचे मंत्र मिळवी. त्या खेळाच्या जगातील वादळदेवाचे उपासक आणि लाल चंद्रदेवीचे साम्राज्य यांच्या संघर्षात दोन्ही दैवते खरी आहेत, दोघांचे भक्त सचोटीचे असू शकतात, आणि म्हणूनच ते युद्ध आजही खेळावेसे वाटते.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८०च्या दैवतकोशात भारतीय दैवतेही आली आणि इतर देवांप्रमाणे इंद्र, अग्नी, विष्णू यांनाही हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो याचे आकडे, मिळाले. देव मारता येतो की नाही यावर त्यानंतर पुष्कळ शाई खर्च झाली. त्याच दशकात अमेरिकेत या खेळावर सैतानपूजेचे आरोप झाले आणि १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत राक्षसांची नावे बदलली गेली. काल्पनिक धर्मयुद्धापेक्षा खेळाविरुद्धचे खरे धर्मयुद्ध त्या काळी अधिक जोरात होते. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने क्लेरिकला त्याच्या देवाच्या अलाइनमेंटपासून एका पायरीपेक्षा दूर जाण्यास मनाई केली. २००४ साली आलेल्या एबेरॉन या खेळाच्या नव्या काल्पनिक जगाने ही अट काढून टाकली आणि देवांना इतके दूर ठेवले की त्यांचे अस्तित्वही श्रद्धेचाच प्रश्न राहिला. भ्रष्ट धर्मगुरू आणि प्रामाणिक भक्त एकाच देवळात बसू लागले, हा बदल प्रस्तुत लेखकाला नऊ घरांच्या चौकोनापेक्षा मोठा वाटतो. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत पॅलाडिनची शक्ती त्याने घेतलेल्या शपथेवर येऊन ठेपली आणि चांगुलपणाची जुनी अट गेली.

सोलापूरच्या त्या गटाने आपला तंटा सोडवताना यांपैकी कशाचाच आधार घेतला नाही. त्यांच्यासमोर शहरातील भुईकोट किल्ला होता. सोळाव्या शतकात विजापूर आणि अहमदनगर यांच्यात या किल्ल्यावरून वारंवार लढाया झाल्या, आणि त्यामागे धर्माचा नव्हे, तर लग्नात कबूल केलेल्या हुंड्याचा प्रश्न होता. डीएमने तेवढेच उचलले. आता दोन्ही देवळे एकाच देवाची आहेत, किल्ला एका जुन्या सोयरिकीत अडकला आहे, आणि पुजाऱ्यांचे खरे भांडण यात्रेत पहिली काठी कोणाची यावरून आहे. मानाच्या काठ्यांचे महत्त्व या शहरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पात्रांच्या कागदावरील अलाइनमेंटचा रकाना खोडून तेथे ‘मान कोणत्या देवळाचा’ असे लिहिले गेले. धर्मयुद्ध या शब्दाचे दोन्ही अर्थ ठेवायचे ठरले, म्हणून लढाईपूर्वी दोन्ही पक्षांनी बसून संकेतांची यादी करायची होती. निःशस्त्रावर वार नाही आणि दूताला अभय, ही कलमे लगेच मान्य झाली. सूर्यास्ताच्या कलमावर मात्र अंधारातही पाहू शकणाऱ्या ड्वार्फ, म्हणजे बुटक्या जमातीच्या, पात्रांनी अजून सही केलेली नाही.