'टू' आणि क्रियापदाच्या मध्ये

१८३४ साली अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड मॅगझीन'मध्ये एक पत्र छापून आलं. खाली सही म्हणून फक्त 'पी' हे एक अक्षर. तक्रार अशी, की अशिक्षित लोक इंग्रजीतला 'टू' ('टू गो'मधला) आणि त्याचं क्रियापद यांच्या मध्ये क्रियाविशेषण घुसवतात. याबाबत आजवर कुणी नियम सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही, अशी कबुलीही पत्रात आहे. मग नियम हा पत्रलेखक स्वतःच घालून देतो: क्रियाविशेषण 'टू'च्या आधी ठेवा नाहीतर क्रियापदानंतर, मध्ये नको. 'स्प्लिट इन्फिनिटिव्ह'वरच्या, म्हणजे 'टू' आणि क्रियापद असं तोडणाऱ्या रचनेवरच्या, सर्वांत जुन्या ज्ञात आक्षेपांपैकी हा एक. इंग्रजी व्याकरणातला इतका धाक असलेला नियम, आणि वय साधारण दोनशे वर्षांचं.

ज्याला तो मनाई करतो ती रचना मात्र कितीतरी जुनी आहे. जुन्या इंग्रजीत 'लिहिणे'सारखं रूप प्रत्यय लागून एकाच शब्दात व्हायचं, आपल्याकडे होतं तसंच. पुढे ते प्रत्यय झिजले आणि त्यांचं काम 'टू' करू लागला. आता दोन शब्द वेगळे उभे राहिले म्हटल्यावर मध्ये तिसरा येणारच. तेराव्या शतकापासून असे नमुने सापडतात. चौदाव्या शतकात इंग्रज धर्मसुधारक जॉन विक्लिफच्या लिखाणातही आहेत. पुढची दोन-तीन शतकं ही रचना विरळ झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती पुन्हा दिसू लागली. रॉबर्ट बर्न्सच्या कवितेत 'टू नोब्ली स्टेम' आहे. आक्षेप सुरू झाले ते या पुनरागमनानंतर.

नियमाला वजन आलं ते १८६४ साली, कँटरबरी कॅथेड्रलचे डीन (प्रमुख धर्मगुरू) हेन्री ऑल्फर्ड यांच्या 'अ प्ली फॉर द क्वीन्स इंग्लिश' या पुस्तकामुळे. एका वाचकाने त्यांना 'टू सायंटिफिकली इलस्ट्रेट' अशी रचना कळवून तिचं समर्थन केलं होतं. ऑल्फर्ड यांचं उत्तर थोडक्यात असं: इंग्रजी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांना ही पद्धत ठाऊकच नाही, 'टू' क्रियापदापासून वेगळा करता येत नाही असंच आपण मानतो, मग रूढीविरुद्ध का जायचं? ठाऊकच नाही हे विधान तर साफ चुकीचं. पण शाळामास्तरांना सोपा नियम मिळाला. वाक्य ओबडधोबड आहे का, हे ओळखायला कान लागतो. 'टू'नंतर क्रियाविशेषण आलंय का, हे बघायला नुसते डोळे पुरतात. नियम टिकला तो यामुळेच, असं मला वाटतं.

लॅटिनमध्ये असं रूप एकाच शब्दाचं असतं, ते तोडता येत नाही, म्हणून इंग्रजीतही तोडू नये, हे कारण आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं असतं. गंमत म्हणजे ऑल्फर्ड यांच्या त्या उताऱ्यात लॅटिनचं नावही नाही. 'पी'ने पुढे केलं ते अशिक्षितपण, ऑल्फर्ड यांनी रूढी. नियमाची टर उडवणारेही हे लॅटिनचं कारण हमखास पुढे करतात, एका दंतकथेवर दुसरी चढवावी तसं.

१९२६ मध्ये एच. डब्ल्यू. फाउलर यांनी आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात इंग्रजी भाषकांचे पाच गट पाडले: स्प्लिट इन्फिनिटिव्ह म्हणजे काय हे माहीत नसलेले आणि फिकीरही नसलेले, माहीत नाही पण फार फिकीर करणारे, माहीत असून निषेध करणारे, माहीत असून पसंत करणारे, आणि माहीत असून तारतम्य बाळगणारे. दुसरा गट अजूनही भेटतो.

तारतम्य कसं, ते दोन वाक्यांत दिसतं. 'दे डिसायडेड टू क्वायटली ड्रॉप द केस' म्हणजे खटला गाजावाजा न करता सोडून द्यायचा. 'क्वायटली' उचलून 'टू'च्या आधी ठेवलं तर गाजावाजा न करता झाला तो निर्णय, असाही अर्थ निघतो. शब्द अगदी शेवटी टाकला तर इथे निभावतं. 'वी एक्स्पेक्ट सेल्स टू मोअर दॅन डबल' इथे मात्र तीही सोय नाही. 'मोअर दॅन' दुसरीकडे बसतच नाही.

लेखकांनी नियम कधीच पुरता जुमानला नव्हता. १९६६ मध्ये 'स्टार ट्रेक' या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या सुरुवातीच्या निवेदनातलं 'टू बोल्डली गो' घरोघरी पोचलं. १९८७ च्या नव्या मालिकेत त्याच वाक्यातल्या 'नो मॅन'चं 'नो वन' केलं गेलं, 'बोल्डली' जागेवरून हलला नाही. संपादकांना वेळ लागला. 'द इकॉनॉमिस्ट' या ब्रिटिश साप्ताहिकाची शैलीपुस्तिका कितीतरी वर्षं सांगत होती, की ही बंदी निरर्थक आहे, तरी पाळा, कारण ती मोडलेली पाहून फार लोक चिडतात. २०१८ च्या आवृत्तीत त्यांनी तो सल्ला मागे घेतला.