ऑनबोर्ड ग्राफिक्सच्या कॉम्प्युटरला नवं कार्ड लावताय? आधी मॉनिटरची केबल बघा

सप्रेम नमस्कार,

"कार्ड बसवलं, पण डिस्प्लेच येत नाही" आणि "कार्ड बसवलं, पण गेम पूर्वीसारखाच अडकतोय" या दोन तक्रारी आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात. ऐकायला दोन्ही वेगळ्या वाटतात, पण कारण बहुतेक वेळा एकच निघतं. मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डच्या जुन्या पोर्टातच असते. कार्डाला काहीही झालेलं नसतं. मधल्या काळात ग्राहकाची एक फेरी फुकट जाते, आमचा अर्धा दिवस जातो आणि चांगल्या कार्डावरचा विश्वास उडतो. म्हणून हे पत्रक आम्ही प्रत्येक ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यात घालतो. कार्ड बसवायच्या आधी पाच मिनिटं काढून वाचा.

केबल कुठे लावायची

आजवर तुमच्या कॉम्प्युटरला वेगळं कार्ड नव्हतं. चित्र तयार करायचं काम प्रोसेसरमधलाच ग्राफिक्सचा भाग, म्हणजे ऑनबोर्ड ग्राफिक्स, करत होता आणि ते चित्र मदरबोर्डच्या पोर्टातून मॉनिटरकडे जात होतं. नवं कार्ड स्वतःची मेमरी आणि स्वतःची पोर्टं घेऊन येतं. त्याने तयार केलेलं चित्र त्याच्याच पोर्टातून बाहेर पडतं. तेव्हा कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल जुन्या जागेवरून काढून कार्डाच्या पोर्टात लावायची. एवढंच काम आहे, पण राहून जातं ते हेच.

कॅबिनेटच्या मागे दोन ठिकाणी पोर्टं दिसतील. जिथे लॅनचं (इंटरनेटच्या केबलचं) पोर्ट आणि स्पीकर-माइकची गोल भोकं आहेत, तो भाग मदरबोर्डचा. उभ्या कॅबिनेटमध्ये त्याच्या खाली, लोखंडी पट्टीवर ओळीने दोन-चार एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टची तोंडं दिसतात, ती कार्डाची. काही कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड उलटा बसवलेला असतो, तिथे वर-खाली या खुणेवर जाऊ नका, लॅनचं पोर्ट शोधा. केबल लॅनच्या शेजारी लागली असेल तर ती चुकीच्या जागी आहे. कार्डाच्या पोर्टांवर प्लास्टिकची झाकणं असतात, ती आधी काढावी लागतात. डिस्प्लेपोर्टच्या केबलला बऱ्याचदा खटका असतो. तो दाबल्याशिवाय केबल ओढली तर पोर्टच मोडतं, आणि तसं मोडलेलं पोर्ट वॉरंटीत बसत नाही.

चुकीच्या पोर्टात केबल राहिली तर काय होईल ते मदरबोर्डवर अवलंबून असतं, आणि घोळ होतो तो इथेच. कार्ड सापडलं की काही मदरबोर्ड ऑनबोर्ड ग्राफिक्स आपोआप बंद करतात. मग स्क्रीन काळी राहते. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले नाही, आणि ग्राहक म्हणतो कार्ड मेलेलं आलं. काही मदरबोर्ड दोन्ही चालू ठेवतात. तिथे विंडोज नेहमीसारखं उघडतं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नावही दिसतं आणि वेग मात्र जुनाच राहतो. ग्राहकाला वाटतं आपल्याला खोटं कार्ड दिलं. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा आहे. नवं विंडोज कधीकधी गेमचं काम कार्डाकडे देतं आणि तयार झालेलं चित्र ऑनबोर्डमार्फत मॉनिटरला पाठवतं. वेग थोडा वाढतो, हवा तेवढा वाढत नाही. अशा वेळी माणूस रॅमला दोष देतो, प्रोसेसरला देतो, आणि केबलकडे त्याचं लक्षही जात नाही.

खात्री करायची सोपी सोय विंडोजमध्येच आहे. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग डिस्प्ले, आणि तिथे खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. मॉनिटर कोणत्या ग्राफिक्सला जोडलेला आहे हे तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. कार्डाचं नाव असेल तर सगळं ठीक. तिथे इंटेल यूएचडी किंवा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं नाव दिसलं तर उठून केबल बदला. त्याच पानावर रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं, तोही बघून घ्या. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर ६० वरच अडकून राहिलेला आम्ही पुष्कळदा पाहिला आहे.

चूक होते ती व्हीजीएमुळे

लोक हलगर्जीपणा करतात म्हणून ही चूक होते असं आम्हाला वाटत नाही. पुष्कळांचा मॉनिटर जुना असतो आणि केबल निळ्या तोंडाची, म्हणजे व्हीजीए असते. आजच्या बहुतेक नव्या कार्डांवर व्हीजीए पोर्टच नसतं. ग्राहक केबल हातात धरून कार्डाकडे बघतो, ती बसेल अशी जागा दिसत नाही. मदरबोर्डवर मात्र तेच निळं पोर्ट मोकळं असतं. केबल तिथे लागणारच.

तुमचा मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर कार्ड घेतानाच सांगा. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर मिळतो आणि १०८० पिक्सेलला ६० हर्ट्‌झपर्यंत तो नीट चालतो. मात्र तो आत सर्किट असलेला हवा, नुसतं तोंड बदलणारा जोड चालत नाही, कारण कार्डातून डिजिटल सिग्नल येतो आणि व्हीजीए ॲनालॉग आहे. डीव्हीआय या दुसऱ्या जुन्या पोर्टाचंही तसंच. नव्या कार्डांवरचं डीव्हीआय फक्त डिजिटल असतं, जुना छोटा व्हीजीए जोड त्यात बसतच नाही. या जोडण्या आमच्याकडे असतात आणि देण्याआधी आम्ही त्या लावून बघतो. तरी आमचं प्रामाणिक मत असं की मॉनिटरला एचडीएमआय पोर्ट असेल तर कन्व्हर्टरच्या भानगडीत पडू नये, साधी एचडीएमआय केबल घ्यावी. बऱ्याच मॉनिटरांना मागे दोन्ही पोर्टं असतात, आजवर गरज पडली नाही म्हणून दुसऱ्याकडे कोणी बघितलेलं नसतं. केबल बदलल्यावर मॉनिटरच्या बटणांनी इनपुटही बदलावं लागतं, तेही लक्षात ठेवा.

फोटो का मागतो

कार्ड खराब आहे असा फोन आला की आम्ही पहिल्यांदा कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा फोटो मागतो, केबल लावलेल्या असताना काढलेला. काही ग्राहकांना याचा राग येतो. आपल्यावर अविश्वास दाखवतात असं त्यांना वाटतं. त्यामागचं कारण सांगतो.

दुरुस्तीला येताना लोक फक्त कॅबिनेट आणतात. मॉनिटर आणि केबल घरीच असतात. आमच्या टेबलावर आम्ही आमची केबल कार्डात लावतो, त्यामुळे सगळं चालतं. तासभर गेम चालवून बघतो, तापमान बघतो, दोष सापडत नाही. ग्राहक कॅबिनेट घरी नेतो, हात सवयीने जुन्या पोर्टाकडे जातो आणि संध्याकाळी पुन्हा फोन येतो. एका ग्राहकाच्या अशा तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी कार्ड बदलूनच मागितलं आणि आम्ही बदलून दिलं. दुसऱ्या कार्डाचंही तेच झालं तेव्हा आम्ही मागचा फोटो मागवला. दोन मिनिटांत प्रश्न सुटला. त्या दिवसापासून फोटोचा नियम सगळ्यांना सारखा आहे. त्यात सगळ्यात जास्त वाचतो तो तुमचाच वेळ.

कार्ड आम्ही बसवून दिलं तर मदरबोर्डच्या व्हिडिओ पोर्टांवर एक पिवळी पट्टी चिकटवतो. कृपया ती काढू नका. घर बदलताना किंवा धूळ झाडताना सगळ्या केबल निघतात आणि पुन्हा लावताना हीच चूक होते, कधीकधी कार्ड घेतल्यावर वर्षभराने. स्वतः कार्ड बसवणार असाल तर पट्टी खोक्यात ठेवलेली आहे.

एसएमपीएसचं लेबल

केबलनंतर दुसरा नंबर एसएमपीएसचा, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याचा. ऑनबोर्डवर चालणारा कॉम्प्युटर कमी विजेत भागतो, त्यामुळे त्यात एसएमपीएसही बेताचाच बसवलेला असतो. कंपनीच्या लहान कॅबिनेटच्या अनेक कॉम्प्युटरांत तो १८० ते २६० वॅटचाच असतो आणि त्याच्या पिनांची रचनाही कधीकधी वेगळी असते, म्हणजे बाजारातला दुसरा आणून सरळ बसवता येत नाही.

मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ६ पिनच्या जोडणीतून आणखी ७५ आणि ८ पिनच्या जोडणीतून १५० वॅट मिळतात. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेलं स्लॉटवरच चालतात. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, आरटीएक्स ३०६० ला १७०, त्यांना वेगळी केबल लावावीच लागते. ती केबल न लावता कॉम्प्युटर चालू केला तर डिस्प्ले येत नाही किंवा स्क्रीनवर सूचना येते. प्रोसेसरची ८ पिनची केबल कार्डाच्या केबलसारखीच दिसते, पण तिची रचना वेगळी आहे. प्रोसेसरची ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२ अशी. जोर लावून एकीची जागा दुसरीला दिली तर कार्ड जळू शकतं.

म्हणून कार्ड देण्याआधी आम्ही एसएमपीएसच्या लेबलचा फोटो आणि कॅबिनेटच्या आतली मोकळी लांबी विचारतो. माहिती मिळेपर्यंत कार्ड देत नाही. यामुळे काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, तरी हा नियम आम्ही सोडलेला नाही. न बसणारं किंवा न पेलणारं कार्ड विकून नंतर वाद घालण्यापेक्षा ते बरं.

बसवताना

कॉम्प्युटर बंद करून वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबून धरा. कॅबिनेटच्या धातूला हात लावा, अंगातली स्थिर वीज निघून जाते. कार्ड प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या लांब स्लॉटमध्ये बसवा. खालचा लांब स्लॉट दिसायला तसाच असला तरी बहुतेक मदरबोर्डवर त्याला कमी लेन, म्हणजे माहिती जायच्या वाटा, मिळतात. 'टक्' असा आवाज येईपर्यंत दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या आणि कार्डाच्या लोखंडी पट्टीला स्क्रू लावा. स्क्रू न लावल्यामुळे कार्ड हळूहळू झुकून सैल झालेलं आम्ही पाहिलेलं आहे.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, सहसा काही बदलावं लागत नाही. केबल योग्य जागी असूनही डिस्प्ले आला नाही तर केबल तात्पुरती मदरबोर्डला लावून बायोस उघडा आणि 'प्रायमरी डिस्प्ले' हे ऑटो किंवा पीईजी (म्हणजे कार्ड) वर ठेवा. फार जुन्या मदरबोर्डवर नवं कार्ड कधीकधी अजिबात डिस्प्ले देत नाही, अशा वेळी बायोस अपडेट करून बघतो. ते काम घरी करू नका, मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड हातचा जातो.

ऑनबोर्ड ग्राफिक्स बायोसमधून मुद्दाम बंद करा असा सल्ला बरेच जण देतात. आम्ही देत नाही. उद्या कार्ड बिघडलं तर त्याच पोर्टावर तुमचं काम चालू राहील, आणि व्हिडिओ एडिटिंगच्या काही सॉफ्टवेअरना इंटेलच्या ऑनबोर्डचा उपयोगही होतो. मात्र ही सोय सगळ्यांकडे नसते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' आहे, उदाहरणार्थ आय५ १२४००एफ, त्यात ग्राफिक्स नसतंच. मदरबोर्डवर एचडीएमआय पोर्ट दिसलं तरी त्यातून चित्र येणार नाही.

ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, कार्डाची चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. तो घालेपर्यंत अक्षरं मोठी आणि चित्र फुगलेलं दिसलं तर घाबरू नका.

कार्ड घ्यायलाच हवं का

हेही आम्हाला रोज विचारतात. टायपिंग, हिशेब, इंटरनेट, सिनेमा यांना ऑनबोर्ड पुरतं. तिथे कार्ड घेऊन फरक दिसणार नाही. थोडेफार हलके गेम खेळायचे असतील आणि कॉम्प्युटरमध्ये रॅमची एकच पट्टी असेल, तर आधी तशीच दुसरी पट्टी लावून बघा. ऑनबोर्डला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवते, दोन पट्ट्या दोन चॅनेलमध्ये असतील तर ५१.२. त्यातही प्रोसेसरचा वाटा असतो. आरटीएक्स ४०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी देते. मोठे गेम, थ्रीडी आणि जड एडिटिंगला कार्डच का लागतं ते या आकड्यांवरून कळेल.

स्वस्त कार्ड घेताना एक काळजी घ्या. जीटी १०३० दोन प्रकारच्या मेमरीत आलं, त्यातला डीडीआर४ चा प्रकार जीडीडीआर५ पेक्षा बराच मंद आहे, नाव मात्र तेच. आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार लेन वापरतं, त्यामुळे पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या (कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी) जुन्या मदरबोर्डवर ते मागे पडतं. ज्यांचा कॉम्प्युटर जुना आहे त्यांना आम्ही हे कार्ड सुचवत नाही. तुमच्या मदरबोर्डचं मॉडेल सांगितलंत तर कोणतं शोभेल ते सांगू, त्यासाठी खरेदी आमच्याकडूनच केली पाहिजे असं नाही.

एवढं करूनही अडलं तर फोन जरूर करा. फोनच्या आधी तीन फोटो पाठवा: केबल लावलेली मागची बाजू, उघडलेल्या कॅबिनेटमधलं कार्ड त्याच्या पॉवर केबलसकट, आणि एसएमपीएसचं लेबल. तपासणीला येणार असाल तर कॅबिनेटबरोबर तुमची मॉनिटरची केबलही आणा, आणि कन्व्हर्टर वापरत असाल तर तोही. खोकं आणि आतली पिशवी वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा. कार्ड पाठवायची वेळ आली तर ते त्याच पिशवीत घालून पाठवावं लागतं.