छायाचित्रातील दोन तृतीयांश रंग येतात कोठून?

डिजिटल छायाचित्रातील प्रत्येक बिंदूचा रंग कॅमेऱ्याने प्रत्यक्ष मोजलेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे, आणि मोबाइलच्या जाहिरातींतील मेगापिक्सेलचे आकडे तो अधिकच पक्का करतात. वस्तुस्थिती अशी की बहुतेक सर्व रंगीत डिजिटल छायाचित्रांतील दोन तृतीयांश आकडे मोजलेले नसून शेजारच्या मोजमापांवरून काढलेले असतात. 12 मेगापिक्सेलच्या सेन्सरवर 1 कोटी 20 लाख प्रकाशग्राही घटक असतात आणि प्रत्येक घटक एकच आकडा देतो. पूर्ण रंगीत चित्राला मात्र प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे, म्हणजे एकूण 3 कोटी 60 लाख आकडे लागतात. उरलेले 2 कोटी 40 लाख आकडे गणिताने भरले जातात, आणि ही भर सहसा कोणाच्याही लक्षात येत नाही. चित्राची सुस्पष्टता आणि रंगांचा खरेपणा वाढवण्यासाठी लागलेल्या शोधांपैकी सर्वांत सुंदर शोध याच भरण्याच्या रीतीत दडलेले आहेत.

हा प्रश्न मुळात उद्भवतो तो सिलिकॉनच्या स्वभावामुळे. प्रकाशकण सिलिकॉनमध्ये शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. असे किती इलेक्ट्रॉन साठले हे मोजता येते, पण ते सोडवणारा प्रकाश लाल होता की निळा, याची कोणतीही खूण इलेक्ट्रॉनवर उरत नाही. विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत ज्याची कल्पना मांडली तो सीसीडी हा सेन्सर, ज्यासाठी त्यांना 2009 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, स्वतः रंगांधळाच होता. स्टीव्हन सॅसन यांनी 1975 मध्ये कोडॅक कंपनीत बनवलेला पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेराही कृष्णधवल चित्रेच काढत असे. त्याच वर्षी, त्याच कंपनीत, ब्राइस बायर या संशोधकाने एका पेटंटसाठी अर्ज केला. ते पेटंट 1976 मध्ये मंजूर झाले, आणि आज बहुसंख्य कॅमेरे त्यातील मांडणीवर किंवा तिच्या एखाद्या रूपावर चालतात.

बायर यांनी प्रत्येक घटकावर एक सूक्ष्म रंगीत गाळणी बसवली. बुद्धिबळाच्या पटावरील एका रंगाच्या घरांप्रमाणे निम्म्या घटकांवर हिरवी गाळणी, आणि उरलेल्या निम्म्यांमध्ये एक ओळ सोडून एक ओळ लाल व निळी. म्हणजे दर चार घटकांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरव्याला दुप्पट वाटा देण्यामागे मानवी डोळ्याचा नेमका अभ्यास आहे. दिवसाच्या उजेडात आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो, आणि चित्रातील बारकावे आपण मुख्यतः तेजस्वितेच्या फरकांवरून ओळखतो, रंगाच्या फरकांवरून नव्हे. निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी दृष्टिपटलावरील एकूण शंकुपेशींच्या दहा टक्क्यांहूनही कमी असतात, आणि दृष्टी जेथे सर्वांत तीक्ष्ण असते त्या मध्यबिंदूपाशी तर त्या जवळजवळ नसतातच. जेथे डोळा कंजुषी करतो तेथेच कॅमेऱ्यानेही करावी, हे बायर यांचे मर्म होते. रंगीत कणांच्या जाळीची कल्पना त्याआधीही होती. ल्युमिएर बंधूंनी 1907 मध्ये बाजारात आणलेल्या ऑटोक्रोम काचांवर रंगवलेल्या बटाट्याच्या स्टार्चचे सूक्ष्म कण पसरलेले असत. पण तेथे रंगांचे मिश्रण पाहणाऱ्याचा डोळाच करत असे, बायर यांच्या मांडणीत ते काम गणिताकडे आले.

हे गणित अंतर्वेशनाचे, म्हणजे ज्ञात किमतींवरून मधली अज्ञात किंमत काढण्याचे. समजा, आपण लाल गाळणीच्या एका घटकापाशी आहोत आणि तेथील हिरवा आकडा हवा आहे. त्याच्या डावीकडे व उजवीकडे हिरवे आकडे 200 आणि 196 आहेत, वर 190 आणि खाली 40. सरळ सरासरी काढली तर 156.5 येते. हा आकडा चारही शेजाऱ्यांपैकी कोणाशीच जुळत नाही, आणि असे आकडे भरत गेल्यास प्रत्येक कडेवर धूसर पट्टा उमटतो. आता शेजाऱ्यांमधील फरक पाहा. आडव्या दिशेने तो केवळ 4 आहे, उभ्या दिशेने 150. याचा अर्थ येथून एखाद्या वस्तूची आडवी कड जात असावी आणि आपला बिंदू तिच्या वरच्या बाजूला असावा. कड ओलांडून सरासरी काढणे चूक, कडेच्या बाजूने काढणे योग्य, म्हणून 200 आणि 196 यांची सरासरी 198 घ्यावी.

येथवरची युक्ती कोणालाही सुचेल, परंतु पुढची पायरी खरोखर प्रतिभेची आहे. कोडॅकमधीलच हॅमिल्टन आणि अ‍ॅडम्स यांच्या 1997 च्या पेटंटमध्ये हिरवा आकडा सुधारण्यासाठी लाल आकड्यांची मदत घेतली आहे. आपल्या बिंदूवरील लाल आकडा 120 आहे आणि त्याच ओळीत एकेक घर सोडून दोन्हीकडचे लाल आकडे 112 आहेत, असे धरू. म्हणजे या ठिकाणी लाल रंगाला किंचित उठाव आहे. निसर्गातील बहुतेक पृष्ठभागांवर रंगाची छटा सावकाश बदलते आणि तेजस्विता झपाट्याने. म्हणून बारीक उठाव लाल रंगात दिसला, तर तो हिरव्यातही असण्याची शक्यता मोठी. 120 ची दुप्पट 240, त्यातून दोन्हीकडचे 112 वजा केले की 16 उरतात, आणि त्याचा चौथा भाग 4 हा हिरव्या सरासरीत मिळवायचा. उत्तर 202. हा आकडा दोन्ही बाजूंच्या हिरव्या शेजाऱ्यांहून अधिक आहे, म्हणजे शुद्ध सरासरीतून तो कधीच मिळाला नसता. दिशा ठरवतानाही हाच लाल उठाव हिरव्या फरकात मिळवला जातो. हिरवी जाळी अशी पूर्ण झाल्यावर लाल आणि निळे आकडे थेट न भरता, त्यांच्यातील व हिरव्यातील फरक सर्वत्र पसरवला जातो, कारण हा फरक मूळ आकड्यांपेक्षा कितीतरी संथपणे बदलतो.

या अनुमानाचा आधार जेथे सुटतो तेथे चूक होते. बारीक विणीच्या कापडाचे धागे सेन्सरच्या जाळीहून दाट असतील, तर चित्रात अस्तित्वात नसलेले रंगीत लाटांचे पट्टे उमटतात. त्यावर उपाय म्हणून अनेक कॅमेऱ्यांत सेन्सरसमोर द्विअपवर्तनी स्फटिकाचे पातळ थर बसवत असत. ते प्रत्येक प्रकाशबिंदूचे चार जवळजवळचे बिंदू करून चित्र हेतुपुरस्सर किंचित धूसर करतात.

पण हाच दोष दुसऱ्या एका शोधाचे भांडवल ठरला. जाळीहून बारीक तपशील चित्रातून नाहीसा झालेला नसतो, तो पट्ट्यांच्या रूपात गुंतून पडलेला असतो. एकाच दृश्याची अनेक चित्रे, दर वेळी पिक्सेलच्या काही अंशाने सरकवून घेतली, तर ही गुंतागुंत सोडवता येते. हबल दुर्बिणीने डिसेंबर 1995 मध्ये टिपलेल्या सुदूर अवकाशाच्या प्रतिमांसाठी अँड्र्यू फ्रुख्टर आणि रिचर्ड हुक यांनी अशा जोडणीची पद्धत विकसित केली. गूगलच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत हे सरकणे मोबाइल धरणाऱ्या हाताच्या नैसर्गिक कंपातूनच मिळवले आहे. एका चित्रात लाल गाळणीखाली आलेला बिंदू पुढच्या चित्रात हिरवीखाली येतो, आणि न मोजलेले आकडे काही अंशी खरोखर मोजले जातात. सुस्पष्टता वाढवण्याचा हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण येथे नवी माहिती दृश्यातूनच येते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ‘धूसर चित्र स्पष्ट करा’ प्रणालींविषयी असे म्हणता येत नाही. त्या आधी पाहिलेल्या लाखो चित्रांवरून येथे काय असू शकेल ते रंगवतात. 2020 मध्ये अशाच एका प्रणालीला बराक ओबामा यांचे अतिशय धूसर केलेले छायाचित्र दिले असता तिने एका गौरवर्णीय माणसाचा रेखीव चेहरा तयार करून दिला. जुन्या कौटुंबिक छायाचित्राला उजाळा देण्यासाठी हे चालेल, पण गुन्ह्याच्या तपासात अशा चेहऱ्याला पुरावा मानणे हा घोर अन्याय ठरेल.

मेगापिक्सेलच्या आकड्यांनाही निसर्गाची मर्यादा आहे. छिद्रांक (एफ-नंबर) 1.8 असलेल्या निर्दोष भिंगातूनही हिरव्या प्रकाशाचा बिंदू विवर्तनामुळे, म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्याने, सुमारे 2.4 मायक्रोमीटर व्यासाची चकती होऊनच सेन्सरवर पडतो. 48 मेगापिक्सेलच्या अनेक मोबाइल सेन्सरमधील घटक केवळ 0.8 मायक्रोमीटरचे असतात, म्हणजे एका चकतीच्या व्यासात तीन घटक मावतात. म्हणूनच अशा सेन्सरवर एकाच रंगाची गाळणी शेजारच्या चार घटकांवर मिळून बसवतात आणि मंद प्रकाशात त्या चारांची बेरीज करून 12 मेगापिक्सेलचे चित्र देतात. ही रचना हुशारीची आहे, परंतु 48 म्हणजे 12 च्या चौपट तपशील, हा अर्थ चुकीचा आहे.

रंगांच्या खरेपणाची अडचण वेगळी आहे. कॅमेऱ्याच्या तीन गाळण्या आणि डोळ्यातील तीन प्रकारच्या शंकुपेशी यांचे प्रतिसाद तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे कॅमेऱ्याचे आकडे नऊ गुणकांच्या सारणीने गुणून डोळ्याच्या मापात आणले जातात, आणि हे रूपांतर नेहमी अंदाजेच राहते. डोळ्याला एकसारखे दिसणारे दोन कापडांचे रंग छायाचित्रात वेगळे पडतात ते यामुळे. उलट, आकडे कितीही अचूक असले तरी पडदा ते दाखवू शकलाच पाहिजे. 1996 पासून रूढ झालेले एसआरजीबी हे पडद्यावरील रंगांचे मानक रंगछटांच्या प्रमाण आलेखावरील दृश्य रंगांपैकी जेमतेम एक तृतीयांश क्षेत्र व्यापते. पुंज कणिका (क्वांटम डॉट), म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिककण, वापरणाऱ्या पडद्यांनी ही कक्षा बरीच रुंदावली आहे. या कणिकांच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल देण्यात आले.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. माणसाचे ‘आभामंडल’ टिपल्याचा दावा करून विकल्या जाणाऱ्या रंगीत छायाचित्रांमधील रंग शरीरातून आलेल्या कोणत्याही प्रकाशाचे नसतात. अशी प्रचलित यंत्रे तळहाताच्या त्वचेची विद्युत्‌वाहकता यांसारखे मोजमाप घेतात आणि त्यावरून ठरवलेले रंग चेहऱ्याभोवती नंतर चढवतात. त्यांवरून स्वभाव किंवा आजार सांगणे ही निव्वळ फसवणूक आहे.

बायर मांडणीची सर्वांत मोठी उणीव अजून तशीच आहे. गाळणी आपल्याला नको असलेले रंग शोषून टाकते, त्यामुळे भिंगातून आलेल्या प्रकाशाचा बराच मोठा भाग मोजला जाण्याआधीच वाया जातो. निळा प्रकाश सिलिकॉनच्या वरच्या थरात आणि लाल खोलवर शोषला जातो, या गुणाचा उपयोग करून एकाच ठिकाणी तिन्ही रंग मोजणारा फोव्हिऑन सेन्सर 2002 मध्ये कॅमेऱ्यात आला खरा, पण खोलीनुसार होणारी ही विभागणी फार ढिसाळ असल्याने रंग वेगळे करताना गोंगाट, म्हणजे आकड्यांतील यादृच्छिक चढउतार, वाढतो, आणि ती पद्धत मागे पडली. पॅनासॉनिकच्या संशोधकांनी 2013 मध्ये गाळणीऐवजी सूक्ष्म विवर्तक रचना वापरून दाखवली. ती कोणताही रंग शोषत नाही, तर वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश शेजारच्या वेगवेगळ्या घटकांकडे वळवते. त्यामुळे प्रत्येक घटकावर रंगांचे मिश्रण पडते आणि मूळ तीन आकडे पुन्हा समीकरणे सोडवूनच मिळवावे लागतात, मात्र या वेळी ही समीकरणे वाया न गेलेल्या प्रकाशावर मांडलेली असतात.